फोन उन्हात बंद पडतो म्हणून वेगळं जीपीएस घ्यावं का? आधी दोष कुठे आहे ते शोधा

मार्च संपत आला की पाच-सहा दुचाकीवाले तरी मला हा एकच प्रश्न विचारतात. "भाऊ, गाडीवर फोन लावला का तासाभरात बंद पडून जाते. कोणतं जीपीएस घेऊ?" विचारणाऱ्याने मनात उत्तर ठरवूनच ठेवलेलं असतं: फोन काही कामाचा नाही, वेगळं यंत्र आणलं की सुटलो. पण यंत्रावर चांगल्या फोनइतके पैसे घालून महिन्याभरात पुन्हा तोच प्रश्न घेऊन आलेले दोघे माझ्या ओळखीत आहेत. नवं यंत्रही वाटेत बंद पडत होतं. दोष गाडीच्या वायरिंगमध्ये होता आणि तो तिथेच राहिला होता.

म्हणून कोणतं यंत्र घ्यावं हे मी शेवटी सांगतो. आधी तुमचा फोन नेमका कशाने हरतो ते शोधू.

माझंच सांगतो. मे महिन्यात, नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) लागायच्या आधी, आम्ही दोन गाड्यांवर पचमढीला निघालो. नागपूर, सावनेर, सौंसर, छिंदवाडा, तामिया असा रस्ता. पहाटे पाचला निघायचं ठरलं होतं, निघता निघता साडेआठ झाले. सावनेर मागे पडलं आणि फोनचा उजेड आपोआप मंद झाला. सौंसरच्या आसपास तापमानाची सूचना आली. रसवंतीवर थांबून फोन सावलीत ठेवला, थंड झाल्यावर पुन्हा लावला. बघतो तर बॅटरी नव्वदवरून अठ्ठावीसवर आलेली, आणि चार्जिंगची तार तर सगळा वेळ जोडलेलीच होती! पुढे सिल्लेवानी घाटात रेंज गेली, नकाशाची पाटी कोरी झाली आणि थोड्या वेळाने फोनही गेला. छिंदवाड्यापर्यंत लोकांना विचारत पोहोचलो.

त्या दिवशी मी म्हणालो, "उन्हाने फोन मेला." घरी येऊन एकेक गोष्ट तपासली तेव्हा कळलं की तीन वेगवेगळे दोष एकाच दिवशी एकत्र आले होते. एक उष्णतेचा, एक विजेचा, एक नकाशाचा. प्रत्येकाची खूण वेगळी आणि इलाजही वेगळा.

उष्णतेचा दोष

याची खूण म्हणजे गोष्टी ठरलेल्या क्रमाने होतात. आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबतं, मग सूचना येते आणि शेवटी फोन स्वतःला बंद करतो. हा क्रम दिसला तर फोनमध्ये काही बिघडलेलं नाही. लिथियमची बॅटरी वाचवण्यासाठी तो मुद्दाम तसं करतो.

ॲपल आयफोनसाठी वापराचं तापमान ० ते ३५ अंश देते. इतर फोनही फार पुढे जात नाहीत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, आणि तोही सावलीतला. हँडलवर, थेट उन्हात, काळ्या कव्हरमध्ये, खालून डांबराची आणि इंजिनाची धग, आत चार्जिंगची उष्णता. अशा जागी फोन किती तापत असेल याचा अंदाज हात लावला की येतोच. वाऱ्याने थंड होईल असं वाटतं, पण वारा ४४ अंशांचा असला तर फोन ४४ च्या खाली येणारच नाही.

तरी काही गोष्टींनी खरंच फरक पडतो. कव्हर काढा. वायरलेस चार्जिंगचं माउंट वापरत असाल तर उन्हाळ्यापुरतं ते बंद ठेवा, त्यात उष्णता जास्त निघते. फोन पारदर्शक झाकणाच्या पाऊचमध्ये किंवा टँकबॅगच्या (पेट्रोलच्या टाकीवरच्या पिशवीच्या) खिडकीखाली ठेवू नका. काचेच्या बंद डब्यासारखी ऊब आत कोंडते. सकाळी शंभर टक्के चार्ज करून निघा आणि दुपारी बारा ते चार तार काढून ठेवा. लांब सरळ रस्त्यावर स्क्रीन बंद करून नुसता आवाज हेल्मेटमध्ये ऐका. बोरखेडीपासून हिंगणघाटापर्यंत सरळच जायचं असताना नकाशाकडे टक लावून बघायची गरज नसते.

तापलेला फोन थंड पाण्याच्या बाटलीला लावणं किंवा बर्फाच्या डब्यात टाकणं मात्र करू नका. आतल्या आत बाष्प धरतं. सावली आणि वेळ, एवढंच त्याचं औषध.

हे सगळं करूनही मेच्या दुपारी फोन टिकेल याची हमी मी देत नाही. नियमाने मार्च ते जून दुपारच्या वेळी गाडीवर असाल तर हा दोष फोनच्या जातीचाच आहे आणि इथे वेगळ्या यंत्राला खरा अर्थ आहे. यंत्राच्या माहितीपत्रकात वापराचं तापमान लिहिलेलं असतं. तिथे ५० च्या पुढचा आकडा नसेल तर विदर्भासाठी ते यंत्र घेऊ नका.

विजेचा दोष

माझ्या मते निम्म्याहून जास्त तक्रारींच्या मुळाशी हाच असतो, आणि हाच कोणी तपासत नाही. खूण अशी: तार जोडलेली असूनही टक्के उतरत जातात. किंवा चार्जिंगचं चिन्ह येतं आणि जातं, खड्ड्यात गाडी आदळली की फोन 'टिंग' करतो, हँडल वळवलं की पुन्हा 'टिंग'.

हिशोब साधा आहे. पूर्ण उजेडावर नकाशा चालवणारा फोन साधारण चार-पाच वॉट खातो. यूएसबीचा दाब ५ व्होल्ट. चार्जर १ अँपिअरचा असेल तर तो देणार ५ वॉट. म्हणजे जेवढं आलं तेवढं गेलं, वर काही साठत नाही. त्यात तार लांब आणि बारीक असली की वाटेतच दाब गळतो. चार्जर निदान २ अँपिअरचा हवा आणि तार छोटी, जाड हवी. हँडलवरच्या सॉकेटपासून फोनपर्यंत एक वीतभर तार पुरते, तिथे दीड मीटरची गुंडाळून ठेवण्यात काही अर्थ नाही.

तपासायला दोन वस्तू लागतात: यूएसबीमध्ये खोचायचं छोटं मीटर आणि साधं मल्टिमीटर. दोन्ही नागपूरच्या सीताबर्डीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत सहज मिळतात. यूएसबीचं मीटर तारेच्या फोनकडच्या टोकाला लावा आणि फोनवर नकाशा चालू करा. आकडा ४.८ व्होल्टच्या वर राहिला तर ठीक. ४.५ च्या खाली गेला तर आधी तार बदला. नवी तार लावूनही आकडा खालीच असेल तर चार्जरकडे वळा.

माझ्या गाडीचा दोष त्याच्याही मागे होता. मी चार्जर बदलला, तार बदलली, तरी तेच. शेवटी ऑटो इलेक्ट्रिकचं काम करणाऱ्या एका काकांकडे गेलो. त्यांनी गाडी चालू करायला लावली, मल्टिमीटरच्या दोन्ही पिना चार्जरला येणाऱ्या वायरींवर टेकवल्या आणि म्हणाले, "आता हँडल वळव बरं, हळू." उजवीकडे वळवलं, आकडा १४ व्होल्टच्या जवळ. सरळ केलं, १४. डावीकडे शेवटपर्यंत नेलं आणि आकडा ९, ६, ११ असा नाचायला लागला. "पाहिलं? चार्जर चांगलाच आहे तुझा. अर्थिंगच नाही भेटून राहिली त्याले."

अर्थिंग म्हणजे निगेटिव्हची जोडणी. चार्जर बसवणाऱ्याने निगेटिव्ह वायर बॅटरीपर्यंत न नेता हँडलच्या क्लँपच्या बोल्टखाली दाबली होती. बोल्टखाली रंगाचा थर, त्यावर थोडा गंज. नुसत्या उभ्या गाडीत तेवढा संपर्क पुरत होता. हादरा बसला किंवा हँडल वळलं की तुटत होता. काकांनी तो बोल्ट सोडला तेव्हा वायरीचं गोल टोक माझ्या हातात आलं, एका बाजूने पूर्ण काळं पडलेलं. त्यांनी निगेटिव्ह थेट बॅटरीच्या टोकापर्यंत ओढली, गाडीच्या मानेजवळ वायरीला थोडी ढील ठेवली म्हणजे वळणावर ताण येणार नाही, आणि पॉझिटिव्हवर बॅटरीपासून वीतभर अंतरात ५ अँपिअरचा फ्यूज टाकला. अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर चार्जिंगचं चिन्ह एकदाही लुकलुकलं नाही.

पॉझिटिव्ह कुठून घ्यायची हेही बघा. थेट बॅटरीवरून घेतली तर चावी काढल्यावरही चार्जर थोडी थोडी वीज खात राहतो आणि गाडी दोन-तीन आठवडे उभी राहिली तर स्टार्टरला जोर उरत नाही. चावीने चालू-बंद होणाऱ्या वायरीवरून घ्या. नुसत्या मोबाइल चार्जरला रिले, म्हणजे जास्त वीज वेगळ्या वायरीने सोडणारा स्विच, लागत नाही. फॉग लाइटही त्याच वायरीवर टाकायचे असतील तर मात्र रिले बसवा.

पावसाळ्यात याच दोषाचं दुसरं रूप दिसतं. फोन पाण्यात टिकणारा असतो, पण तार जोडली की त्याचं तोंड उघडं पडतं. आत ओल गेली की फोन 'ओलावा आहे' असं सांगून चार्जिंग घेत नाही. गाडीसाठी बनवलेल्या यंत्रांना पाठीमागे धातूच्या टिकल्या असतात, हँडलवरच्या पाळण्यात बसवलं की त्यांतूनच वीज मिळते. तार खुपसायची गरज नाही, तोंड उघडं पडत नाही. जुलैत मेळघाटात जाणाऱ्यांनी या एका गोष्टीसाठी यंत्राचा विचार केला तर मी त्यांना वेड्यात काढणार नाही.

नकाशाचा दोष

याच्या खुणा वेगळ्या. यंत्र चालू आहे, बाण हलतो आहे, पण रस्ता चुकीचा सांगतो किंवा मागे नकाशाच नाही.

नागपूरकरांना सगळ्यात जास्त फसवणारी जागा म्हणजे समृद्धी महामार्ग. नागपूरजवळच्या शिवमडक्यापासून मुंबईकडे ७०१ किलोमीटर जाणाऱ्या या रस्त्यावर दुचाकींना मनाई आहे. पण नकाशा कारसाठी लावलेला असला की तो निःशंकपणे तिकडेच पाठवतो. गूगल मॅप्समध्ये भारतात २०१७ पासून दुचाकीसाठी वेगळी सोय आहे. प्रवास सुरू करण्याआधी मोटरसायकलचं चिन्ह निवडलं आहे का ते बघा, कारण एकदा कारवर गेलेली निवड लक्षात राहत नाही. परदेशी यंत्रात ही माहिती असेलच असं धरून चालू नका. मी अमरावतीमार्गे जायचं असेल तर कोंढाळी आणि तळेगाव हे मधले थांबे म्हणून टाकतो. रस्ता बांधला जातो, यंत्राला शहाणपण सुचायला जागा राहत नाही.

दुसरी जागा नागपुरातला वर्धा रोड. तिथे खाली रस्ता, मधे उड्डाणपूल, वर मेट्रो. उपग्रहांवरून उंची कळते, पण आडव्या जागेपेक्षा उंचीचा अंदाज नेहमीच ढोबळ असतो. म्हणून तुम्ही पुलावर असताना नकाशा तुम्हाला खाली धरतो आणि नसलेल्या चौकात वळायला सांगतो. हा बिघाड नाही. कितीही महाग यंत्र घेतलं तरी तिथे थोडं गोंधळणारच. शहराबाहेर पडेपर्यंत पाट्या वाचा.

रेंज गेल्यावर पाटी कोरी होणं हा तिसरा प्रकार, आणि हाच सगळ्यांत सहज सुटतो. लोक जीपीएस आणि मोबाइलची रेंज एकच समजतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटरवरून संकेत पाठवतात, त्यांना टॉवरशी देणंघेणं नाही. सेमाडोहच्या जंगलात किंवा भामरागडच्या वाटेवर रेंज गेली तरी तुमची जागा फोनला कळत असतेच. फक्त त्या जागेभोवती काढायला नकाशा नसतो. घरी वायफायवर ओएसएमअँड किंवा ऑरगॅनिक मॅप्स या ॲपमध्ये महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश उतरवून ठेवा. सिम नसलेल्या फोनवरही ते चालतं. त्या पचमढीच्या दिवशी एवढं केलं असतं तर सिल्लेवानी घाटात निदान पुढचं वळण दिसलं असतं.

जंगलातल्या रस्त्यांबद्दल एक गोष्ट मनापासून सांगतो. नकाशावर रेघ आहे म्हणून ती आपल्यासाठी उघडी आहे असं नसतं. ताडोबा, पेंच, मेळघाट, तिन्हीकडे वनखात्याच्या आतल्या वाटा नकाशात छान दिसतात आणि 'जवळचा रस्ता' म्हणून यंत्र त्या सुचवतंही. चिमूरकडून येताना एकदा मला असंच एका बंद फाटकाशी आणून उभं केलं होतं, अंधार पडायला अर्धा तास असताना. अशा भागात यंत्राची 'कच्चे रस्ते टाळा' ही खूण चालू ठेवा आणि शेवटच्या गावात विचारून घ्या.

उपग्रहाचा दोष

हा फार क्वचित असतो, म्हणून थोडक्यात. जुन्या फोनला बरेच दिवसांनी, रेंज नसलेल्या जागी चालू केलं तर जागा पकडायला काही मिनिटं लागतात. एरवी तो उपग्रहांची माहिती इंटरनेटवरून घेतो. तिथे ती थेट आकाशातून, सावकाश मिळते. उघड्यावर गाडी थांबवून वाट बघा, सारखं बंद-चालू केलं तर गणती पहिल्यापासून सुरू होते. सागाच्या आणि बांबूच्या ओल्या पानांखाली संकेत दुबळा होतो. नवे फोन आणि यंत्रं जीपीएसबरोबर इतर देशांचे उपग्रहही वापरतात, काही फोन आपल्या इस्रोचं नाविकही. जितके जास्त उपग्रह दिसतात तितकी दाट झाडीत जागा धरून राहते.

मग घ्यायचं काय

एवढं तपासूनही उन्हाचा किंवा पावसाचा दोष उरला, तर खर्च करा. पण दुकानात गाडीसाठीच्या 'नेव्हिगेशन'च्या नावाखाली तीन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात आणि गिऱ्हाईक तिथेच फसतं.

पहिली वस्तू म्हणजे नुसता पडदा. अँड्रॉइड ऑटो, कारप्ले दाखवणारे पाच-सात इंची पडदे हल्ली खूप दिसतात. त्यात स्वतःचा नकाशा नसतो. खरं काम खिशातला फोनच करतो, चार्जिंगही त्यालाच लागतं. फोन उन्हातून खिशात गेला, एवढा फायदा नक्की, पण फोन संपला की पडदा काळा. काही गाड्यांना कंपनीकडूनच येणारे बाण दाखवणारे गोल डायलही याच जातीचे. रॉयल एनफिल्डने २०२० मध्ये मिटिऑरवर दिलेला ट्रिपर हा त्यातला ओळखीचा. तोही रस्ता फोनकडूनच घेतो. रोजच्या वापराला छान, भामरागडला एकट्याने जायला मी त्यावर विसंबणार नाही.

दुसरी वस्तू खरं स्वतंत्र यंत्र. गार्मिनचं झूमो एक्सटी हे २०२० मध्ये आलेलं उदाहरण: ५.५ इंची पडदा, हातमोज्यांनी चालतो, पाण्यासाठी आयपीएक्स७, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. नकाशा आत भरलेला, फोन बंद करून टँकबॅगमध्ये टाकला तरी चालतं. अडचण किमतीची आणि नकाशाची. परदेशातल्या नातेवाइकाकडून मागवलेल्या यंत्रात बऱ्याचदा युरोपचा किंवा अमेरिकेचाच नकाशा असतो. पैसे देण्याआधी यंत्र चालू करायला लावा आणि त्यात 'परतवाडा' शोधा. सापडलं, घटांग आणि सेमाडोहचा रस्ता दिसला, तर पुढे बोला.

तिसरी वस्तू तुमच्या घरीच असते: कपाटातला जुना अँड्रॉइड फोन. सिम काढा, नको ती ॲप्स उडवा, ऑफलाइन नकाशे भरा, हँडलवर तो लावा आणि रोजचा फोन खिशात ठेवा. उन्हात तोही तापेल, पण तो गेला तर घरी फोन करायचं साधन जात नाही. शिवाय कॅमेऱ्याची चिंता नाही. इंजिनाच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरता राखणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनेच २०२१ मध्ये सांगितलं आहे. एक सिलिंडरच्या गाडीवर महागडा फोन लावायचाच असेल तर कंपनं शोषणारं माउंट लावा.

वर्षातून दोन-तीन फेऱ्या, त्याही दिवाळी ते होळीच्या मधे करत असाल तर जुना फोन, चांगली तार आणि नीट अर्थिंग यांच्यावर एक रुपयाही जास्त घालू नका. नोकरीमुळे सुट्ट्या मेमध्येच मिळत असतील, किंवा पावसात सलग आठवडाभर बाहेर राहत असाल, तर स्वतंत्र यंत्राचे पैसे वसूल होतात.

दुकानात यंत्र घ्यायला गेलात तर स्वतःचे हातमोजे आणि हेल्मेट घेऊन जा. यंत्र बाहेर फुटपाथवर, बाराच्या उन्हात धरा. हेल्मेटची काच खाली करून नकाशातलं गावाचं नाव वाचता येतं का, मोजे घालून मोठं-लहान करता येतं का, एवढं बघा. ट्यूबलाइटखाली सगळेच पडदे झकास दिसतात.

आणि बसवून झाल्यावर लगेच लांबच्या दौऱ्यावर निघू नका. आधी रामटेक करा, जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात. निघताना बॅटरीचे टक्के कागदावर लिहा. मनसरच्या फाट्यावर थांबून पुन्हा लिहा, हँडल दोन्हीकडे शेवटपर्यंत वळवून चार्जिंगचं चिन्ह बघा. रामटेकला पोहोचल्यावर फोन विमान मोडवर टाका आणि परतीचा रस्ता तसाच काढा. परत येईपर्यंत टक्के उतरले असतील तर वायरिंगवाल्याकडे जाताना तो कागद बरोबर न्या. कुठपासून उतरले हे कळलं की त्याचं अर्धं काम होतं.